ड्रायरची लाल टोपणं

माझा राग लई वाईट. आधी तोंड सुटतं, मग डोकं चालायला लागतं, आणि तोवर समोरच्याचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मागच्या खंडेनवमीला समोर आई होती.

पिंपरी पेंढारला रस्त्याकडेला माझं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज आहे, मागं घर. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. खंडेनवमीला लोकर कापायच्या कातरी पाटावर मांडायचे. आता त्याच पाटावर पाने, गेज आणि गॅस भरायच्या नळ्या असतात. पूजा आईच करते. एकदा हत्यारांना कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. म्हणून त्या दिवशी सकाळपासून माझी घाई चालली होती.

गाडी एका नर्सबाईंची होती. त्यांना त्याच दुपारी त्यांच्या आईला घेऊन नागपूरला निघायचं होतं, दीक्षाभूमीवर. आजींना दमा. धूळ लागली की छाती भरायची, म्हणजे काचा बंद ठेवून जायचं आणि ऑक्टोबरच्या उन्हात काचा बंद म्हणजे एसी हवाच. बाई म्हणाल्या होत्या, "दर वर्षी जायचं ठरतं आणि काहीतरी आडवं येतं. पुढच्या वर्षी आईला झेपेल असं वाटत नाही." मी छाती ठोकून सांगितलं, "ताई, तुमी बिनघोर राहा."

गाडीचा ड्रायर गेला होता. ड्रायर म्हणजे ॲल्युमिनियमची लहान बाटलीच. आत दाणे असतात, ते एसीच्या गॅसमधला ओलावा शोषून घेतात. नवा ड्रायर दोन्ही भोकांना टोपणं लावूनच येतो. ती अगदी शेवटी काढायची, ड्रायर लगेच जोडायचा आणि पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची. उघडा राहिला तर तो हवेतलाच ओलावा पिऊन बसतो आणि वाया जातो. सकाळी मी खोकं उघडलं तेव्हा आईनं विचारलंही होतं, "ही लाल टोपणं कशाला रं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ही हाईत तवर ड्रायर जिता."

सगळी तयारी झाली. टोपणं काढून मी खिशात टाकली आणि लाइट गेली. पंप बंद. टोपणं परत लावायला कितीसा वेळ लागतो? पण मी ड्रायर तसाच फळीवर ठेवला आणि फोनवर वायरमनला शिव्या घालत बाहेर रस्त्यावर गेलो.

बऱ्याच वेळानं परत आलो तर पाट मांडलेला. लाइट नाही म्हणजे काम थांबलं, असं आईला वाटलं होतं. पाने, गेज, नळ्या, आणि मधोमध तो ड्रायर उभा केलेला, नवी वस्तू म्हणून मानाच्या जागी. झेंडूच्या फुलानं तिनं सगळ्यांवर पाणी शिंपडलं होतं. कुंकवाचा एक ओघळ सरळ भोकात उतरला होता.

"अक्कल हाय का तुला? कुणी सांगितलं व्हतं हात लावायला? म्हातारपणी गप एका जागी बसायचं सोडून..." पुढचं मला लिहवत नाही. आई हातात फूल धरून तशीच उभी राहिली.

वळून पाहिलं तर दारात नर्सबाई आणि त्यांची आई. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय झालं, भाऊ?"

"ड्रायर बाद झाला. आईनं पाणी घातलं त्याच्यावर."

पाणी पडायच्या आधीच तो बाद व्हायला लागला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी माझं बोट आईकडं गेलं.

दुसरा मिळेल का, असं बाईंनी विचारलं. कुठून मिळणार? पूजा करून दुकानं बंद झालेली. तोच बसवला असता तर नगरपर्यंत गार लागलं असतं, मग आत पाणी गोठून पुढं नुसता गरम वारा.

आजी खुर्चीवर टेकल्या. पांढरं इस्त्रीचं पातळ, पायात नवी चप्पल. दम खात लेकीला म्हणाल्या, "राहू दे गं. इतकी वरसं न्हाई गेले, त्यानं काय झालं."

"माझ्यामुळं तुमचं जाणं राहिलं," आई म्हणाली. "मला काय कळतंय यातलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. एरवी सुटणारं माझं तोंड तेव्हा काही उघडलं नाही.

आई घरात गेली आणि माझ्या गाडीची चावी घेऊन आली. "आमची गाडी न्या. तिचा एसी झ्याक हाय." मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. त्या गाडीतून दुसऱ्या दिवशी मी तिला पारगावला नेणार होतो, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या भावाला सोनं द्यायला. बाई संकोचल्या. आई म्हणाली, "माझ्या हातनं झालंय, तर मलाच निस्तरू द्या. भावाला दिवाळीत भेटंन मी."

मी त्यांच्या पिशव्या डिकीत ठेवायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातून दोन्ही टोपणं खाली पडली. एक घरंगळत आईच्या पायाशी गेलं. तिनं दोन्ही उचलली. टोपणांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय पडलं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई." आईनं मूठ मिटली. "निघा तुमी, ऊन वाढतंय."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दुसऱ्या हातानं निरोप देत होती. मग आत येऊन पाटासमोर बसली. वाया गेलेल्या ड्रायरशेजारी तिनं दोन्ही टोपणं मांडली आणि एकेकाला कुंकू लावलं. पाणी मात्र शिंपडलं नाही.

मला तिची माफी मागायची होती. तिच्या मागं उभा राहून मी म्हणालो, "चहा टाकतीस का?"

"टाकते की," म्हणत, गुडघ्यावर हात देऊन ती उठली.