प्लास्टरचे दात

मीनू डेंग्यूनं गेली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण गेले सहा आठवडे मी ते सांगून सांगून थकले आणि निम्म्या लोकांना ते ऐकायचंच नाही. भावाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, आपली मीनू गेली," एवढंच तो बोलला, आणि मागून वहिनीचा आवाज येत राहिला... पाच दिवसांचा ताप, एकतिसावं वर्ष. मी नंदनवन वस्तीत त्यांच्या घरी पोचले तेव्हा तिला दवाखान्यातून आणलंही नव्हतं, आणि ओट्यावर बसलेली एक बाई दुसरीला सांगत होती, "जबड्याचं ऑपरेशन केलं होतं ना वं तिनं. देवानं देल्लं तोंड बदलाले गेली, मंग काय होईन?" त्या ऑपरेशनला सात वर्षं झाली होती! मी चप्पलही न काढता म्हटलं, "काहून वं, डास काय तोंड पाहून चावते काय?" पण तेरवीपर्यंत तेच वाक्य मी आणखी चार तोंडांतून ऐकलं. ज्यांचे जबडे जन्मापासून सरळ असतात, त्यांना ते कशासाठी दिलेले असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

मीनू माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. तिचा खालचा जबडा वरच्याच्या चांगलाच पुढे होता, आणि वाढत्या वयाबरोबर तो आणखी पुढे येत गेला. जगाला तिची हनुवटी दिसायची, आम्हाला घरात तिचं जेवण दिसायचं. पुढचे दात एकमेकांवर बसतच नसत. पेरूला चाकू लागायचा, आणि सगळे भुट्ट्यात तोंड खुपसून बसलेले असताना ही एका कोपऱ्यात अंगठ्यानं एकेक दाणा सोलत बसायची. शाळेत पोरींनी तिचं नाव 'सुपडी' ठेवलं होतं. इतवारीत भावाचं भांड्यांचं दुकान आहे. सुट्टीत ती तिथं बसायची आणि स्टीलची ताटं पालथी मांडायची. गिऱ्हाइकाला ताट आतून पाहायचं असतं, हे भाऊ तिला दहादा सांगे. तिनं पालथी का घातली, हे मात्र त्याला कधी कळलं नाही. मला कळलं होतं; आतून ताट आरशासारखं चकचकीत असतं.

बाविसाव्या वर्षी धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे तिला नेलं. आधी दीड वर्ष दातांना तारा, मग ऑपरेशन. "कशासाठी करायचं आहे?" असं डॉक्टरांनी तिला विचारलं, तर तिच्या आधी वहिनी म्हणाली, "लग्नाचं वय झालं नं आता." मीनू म्हणाली, "मले भुट्टा खायचा आहे, डॉक्टर." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या दातांचे ठसे घेतले, प्लास्टरचा साचा केला, वरचा आणि खालचा जबडा जोडून, आणि हाड कुठे कापायचं, किती मागे सरकवायचं ते तिला त्यावर समजावून सांगितलं. सगळं पार पडल्यावर तो साचा तिनं मागून घरी आणला. मग सहा आठवडे नुसतं पातळ. डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं वरण, सगळं सिरिंजनं गाल आणि दातांमधल्या फटीतून. तोंड कलिंगडाएवढं सुजलेलं, दात रबरांनी बांधलेले. तिला बोलता येईना म्हणून पाटीवर लिहायची: "आत्या, मीठ कमी आहे." खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याची जाणीव मात्र परत आलीच नाही. म्हणून जेवता जेवता मधेच हाताच्या पाठीनं हनुवटी पुसायची तिला सवय लागली, काही लागलेलं असो वा नसो. पुढच्या पावसाळ्यात फुटाळा तलावावर तिनं ओळीनं तीन भुट्टे दातांनी ओरबाडून खाल्ले. हनुवटीभर दाणे चिकटले होते आणि ते तिला कळतही नव्हतं. एवढं आनंदात मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

इथपर्यंतचा माझा राग दुसऱ्यांवर होता. आता तो घरी येतो.

मुलं बघायला सुरुवात झाली तेव्हा जुने फोटो काढून टाकायचे, ही कल्पना माझी. पाहुण्यांच्या हाती अल्बम लागला तर? एका दुपारी वहिनी आणि मी दार लोटून बसलो. ती पानं उलटत होती, कात्री माझ्या हातात होती. वाढदिवस, सहली, शाळेचा ग्रुप फोटो, काही सोडलं नाही. फोनमधलेही पुसले. मीनू अचानक आत आली. "काय करून राहिल्या तुम्ही?" मी म्हटलं, "तुझ्याच भल्यासाठी वं बाई." तिनं कापलेला एक तुकडा उचलला, पाहिला आणि विचारलं, "मंग ही कोण होती, आत्या?" मी जमिनीवरचे तुकडे गोळा करू लागले. तिनं कपाटातून तो प्लास्टरचा साचा घेतला आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले. मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "चेहरा किती रेखीव आहे हो पोरीचा." मीनू म्हणाली, "ऑपरेशननं झाला. आधीचा दाखवू?" आणि आत जाऊन साचा आणून पोह्यांच्या बशांशेजारी ठेवला. पोहे अर्धे टाकून पाहुणे गेले. पुढे पोरंही तशीच निघतील, असा दोन दिवसांनी निरोप आला. आणि मी, तिची सख्खी आत्या, त्यानंतर चार महिने तिच्याशी बोलले नाही. खरं बोलली म्हणून! ती मात्र दर रविवारी माझ्याकडे यायची, स्वतःच चहा करून प्यायची, हनुवटी पुसायची आणि जायची. शेवटी मीच हरले आणि बोलले. त्या चार महिन्यांचं काय करू आता?

गेली त्या दिवशी, दवाखान्यातून तिला घरी आणल्यावर तोंडात पाणी घातलं, ते डावीकडून ओघळलं आणि माझा हात आपोआप तिकडे गेला.

तेरवीला भावानं फोटो मोठा करून आणला. ऑपरेशननंतरचा, हसरा. वहिनी त्या फोटोकडे नीट बघेचना. आठवड्यानं तिनं सगळे अल्बम जमिनीवर काढले आणि मला बोलावून घेऊन त्या फोटोकडे बोट केलं. "ताई, हे बी माझीच पोरगी आहे. पण चोवीस वर्षं जिले मी भरवलं ते कुठं गेली वं?" पानापानाला भोकं होती. ग्रुप फोटोत मैत्रिणीच्या खांद्यावर एक हात तेवढा उरला होता, मनगटापासून पुढे कात्री. मग मला खण आठवला. किल्ली तिच्या पर्समध्ये सापडली.

वहिनीनं साचा मांडीवर घेतला. खालच्या दातांवरून अंगठा फिरवता फिरवता ती एका दाताशी थांबली. त्याचा कोपरा उडालेला होता. "हा पाहा. सायकलवरून पडली होती, सहावीत." आणि मग ती रडली, तेरवीलाही रडली नव्हती तशी.

आता तो साचा बैठकीत फोटोखाली असतो. परवा ओट्यावरची तीच बाई आली होती. तिनं विचारलं, "हे काय ठेवलं वं इथं?" पाहुण्यांपासून सगळं लपवणारी माझी वहिनी म्हणाली, "माझ्या पोरीचं पहिलं तोंड आहे. नीट पाहून घ्या."

वहिनी रोज सकाळी तो साचा ओल्या फडक्यानं पुसते. एकदा तिनं फडकं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. त्या दुपारी कात्री माझ्या हातात होती.