चीनच्या लढाईनंतरचा चहा

नांदेडहून आत्येभाऊ मिलिंदचा फोन आला तेव्हा मी लातूरला मंडईत होतो. "आई गेली," एवढंच तो बोलला. कौसाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. थोड्याच दिवसांपूर्वी तिला भेटून आलो होतो. त्या भेटीत तिनं जे सांगितलं, ते तेव्हापासून मनातून हलत नाही...

आमचं गाव चाकूरजवळ. चीनची लढाई लागली तेव्हा आमच्या लोकांना बौद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती. आजोबांनी घरात बुद्धाची तसबीर लावली होती. गावात रेडिओ एकच, हाटेलात. आजोबा बाहेर जमिनीवर बसून बातम्या ऐकत. एकदा आतून कुणीतरी विचारलं, "का रं, चिनी बी बुद्धालाच मानतेत म्हणं. मग तुमी कुणाकडचे?" सगळे हसले. पण दुसऱ्या दिवसापासून आजोबा दिसले की मालक रेडिओ बारीक करायचा. मग गावातले दोघंजण घरी आले आणि तसबीर उलटी करून, मागं काय दडवलंय ते बघून गेले.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतीच मिसरूड फुटलेले. ते भरतीला गेले आणि फौजेत लागले. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा तसबीर उलटी करणाऱ्यांपैकीच एकानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला, "आपला जवान हाय" म्हणत हाटेलात नेलं. आमच्या लोकांचे कप बाहेरच्या फळीवर वेगळे ठेवलेले असत. त्या दिवशी आप्पांना आत बसवून, सगळे पितात त्याच कपांतून चहा दिला. "लढाईनं गाव एक केलं," हे आप्पा म्हातारपणीही येईल त्याला सांगायचे. ही गोष्ट निघाली की आत्या मात्र उठून आत जायची. मला वाटे, हिला भावाचं कौतुक नाही.

शेवटच्या भेटीत मी तीच गोष्ट काढली. आप्पा आता नाहीत म्हणून असेल, ती बोलली.

"मी बी हुते तिथं, भिताडाच्या आड. दादा निघून गेला, मी बघत ऱ्हायले. मालकानं दादाचा त्यो कप आतल्या कपांमंदी ठिवलाच न्हाई. फडक्यात धरून उचलला अन् बाहेरच्या फळीवर ठिवला."

"पण तू थांबलीस कशाला?"

"तसबीर उलटी करणारा हात अन् खांद्यावरचा हात एकच हुता रं. मला पटंना."

"आप्पांना कधी सांगितलं नाहीस?"

"त्या चहाच्या आनंदात त्यो पासष्टच्या लढाईवर गेल्ता. जित्ता माघारी आला. काय म्हणून सांगू?"

आप्पांना खरंच काही कळलं नव्हतं का, की त्यांनीही मागं वळून पाहिलं होतं? आता विचारायला दोघंही नाहीत. मिलिंदला मी अजून काही बोललेलो नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणोत्तर विधीसाठी नांदेडला गेलो होतो. आत्याची एक सवय होती. पाहुणा निघाला की ती गॅलरीत यायची आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहायची. आम्ही त्याला माया समजायचो. असेलही... पण कुणी निघून गेल्यावर मागं थांबून बघत राहायचं, हे ती त्या हाटेलापाशीच शिकली असावी.

त्या दिवशी निघताना मी वर पाहिलं. मिलिंदची बायको दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं हात हलवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी कोपऱ्यापर्यंत गेलो, पण कोपऱ्यावरून वळलो नाही. तिथंच थांबून, मागं त्या बंद दाराकडे बघत राहिलो.