अनसूयेच्या खांद्यावर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलांनाही नाही. सांगायचं ठरवून बसते आणि मग भलतंच बोलत राहते — समुद्र कसा होता, होडी कशी होती. आजही तसंच होईल कदाचित. पण तुम्ही ऐका.

मी मूळची करकंबची. सत्तरच्या दशकात सोलापुरात कॉलेजला होते, प्राणिशास्त्र घेऊन. सहल रामेश्वराच्या बाजूला निघाली, समुद्रातली पोवळी बघायला. माझ्या घरी विनवण्या कराव्या लागल्याच, पण माझ्या वर्गातली मैत्रीण अनसूया, तिच्या घरी फारच अवघड होतं. तिचे वडील मागावर चादरी विणायचे. घरात तेलुगू. कॉलेजात गेलेली गल्लीतली ती पहिलीच मुलगी. शेवटी मीच त्यांना म्हणाले, "काका, मी हाय की तिच्यासंगं." — मीच म्हणाले होते हे.

होडीत सरांनी विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? अनसूयेनं हात वर केला. आजोळच्या विहिरीत पोहून तयार झालेली ती. मीही केला. का केला? मला पाठीला डबा बांधून हातपाय मारता यायचे, तेवढंच. पण तिला येतं आणि मला येत नाही, हे सोसायचं नाही मला. वर्गात तीच पुढं असायची ना.

डोळ्यांवर लावायची काच आणि श्वासाची नळी, असा एकच जोड होता. दोघी-दोघींनी उतरायचं. एकीनं काच लावायची, दुसरीनं तिचा हात धरायचा. आमची पाळी आल्यावर काच मी घेतली. तिला विचारलंसुद्धा नाही.

आणि खाली — पुस्तकात काळ्या रेघांनी काढलेलं सगळं जिवंत होतं. जांभळी झुडपं, मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, त्यांतून सरकणारे निळे मासे. मी हरखून गेले. अनसूया हात ओढत होती, मागं चल म्हणून. मी तिला पुढं ओढत राहिले.

मग लाट आली. नळीत पाणी शिरलं, घशात खारट पाणी, श्वास बंद. मी तिच्या गळ्याला मिठी मारली. मग तिचे केस धरले. आणि मग — हेच सांगायचं होतं मला — तिच्या खांद्यावर पाय देऊन मी वर आले. तिला खाली दाबून. जिवाच्या भीतीनं माणूस असं करतो म्हणतात. करत असेल. पण माझ्या तळव्याखाली ती धडपडत होती, हे मला कळत होतं. कळत असून मी पाय काढला नाही.

नावाड्यानं उडी मारून दोघींना वर घेतलं. पोवळ्यांवर घासून अनसूयेची पोटरी सोलून निघाली होती. ती खोकत होती, तिला बोलता येत नव्हतं. सर ओरडले, एवढ्या लांब नेलं कुणी?

"अनसूयेनं, सर," मी म्हणाले. "मी नको म्हणत होते."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पायाकडं बघत बसली. पुढं बोलता यायला लागलं तरी ती बोलली नाही. मी आपणहून कबूल करीन असं वाटलं असेल का तिला?

सोलापूरला आल्यावर सरांनी तिच्या वडिलांच्या कानावर सगळं घातलं — सगळं म्हणजे माझं खोटं. तिचा पाय चिघळला होता. मी बघायला गेले. वडिलांनी माग बंद केला. घर एकदम गप्प झालं.

"खरं बोल अम्मा," ते म्हणाले. "चूक आमच्या पोरीचीच का? तू सांगशील ते मी मानतो."

याहून चांगली संधी कुणाला मिळते, सांगा बरं?

"व्हय, काका," मी म्हणाले.

अनसूया आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. सगळं ऐकलं होतं तिनं. मी आत गेले तर म्हणाली, "चहा घेऊन जा." दुसरं काही नाही.

तिचं कॉलेज सुटलं. उन्हाळ्यात लग्न करून तिला सिकंदराबादला दिली. मी पदवी घेतली, शिकवायला लागले. पोवळ्यांचा धडा आला की मुली विचारायच्या, बाई, तुम्ही खरंच पाहिलंय? मी रंगवून सांगायची. त्यात अनसूया कधीच नसायची.

पुष्कळ वर्षांनी कुर्डुवाडी स्टेशनवर ती भेटली. सोबत शाळकरी मुलगी. अनसूयेनं माझी विचारपूस केली, मुलं किती, काय करतात. मग मुलीला माझ्याजवळ बसवून पाणी आणायला गेली. चालताना अजून पाय ओढत होती.

मुलगी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "अम्मानं समुद्रात एका मैत्रिणीला वाचवलं होतं. त्या तुम्हीच का?"

वाचवलं! असं सांगितलं होतं तिनं पोरीला.

"नाही गं," मी म्हणाले. "दुसरी असेल कुणी."

अनसूया पाणी घेऊन आली. "अम्मा, त्या ह्या नाहीत," मुलीनं सांगून टाकलं. अनसूयेनं माझ्याकडं बघितलं. "नाहीत," म्हणाली. गाडी लागली तशी मुलीचा हात धरून डब्यात चढली.

ती मीच होते.