भिंतीवरचे दोन ठोके

इंग्लंडमधल्या दगडी घरांच्या एका जुन्या ओळीत माझी लेक पाचव्या घरात राहते. सहा घरांवर एकच लांब छप्पर, आणि दोन घरांत मिळून एकच भिंत. सकाळी पहिल्या घरातून भिंतीवर दोन ठोके पडतात, ते प्रत्येकाने पुढे द्यायचे. सहाव्या घरात एकट्या राहणाऱ्या म्हातारबाईंचं उत्तर तसंच माघारी जातं.

"आई, आज तू ठोक हं," म्हणून लेक कामावर गेली.

ठोके आले. मी उलथन्याने पुढच्या भिंतीवर ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. कान लावला, तर दगड नुसता गार. हातभर जाडीची ही भिंत म्हातारबाईंची नि माझी. आता ती माझ्या एकटीची तर झाली नसेल?

तेवढ्यात चौथ्या घराकडून पुन्हा दोन ठोके पडले. सगळी ओळ मला विचारत होती.