सुट्ट्या नोटांची पोती

सरकारनं टीव्हीवर 'घाबरू नका' म्हटलं की आमच्या सासूबाई, पोनियेम, हमखास घाबरायच्या. चाळीस वर्षं इंडोनेशियातल्या आमच्या सोलो शहराच्या गल्ल्यांतून पाठीवर टोपली बांधून त्यांनी हळद-चिंचेचा काढा विकला आणि हजसाठी अडीच कोटी रुपिया जमवले. आमच्याकडे चहालाही दोन हजार लागतात, तेव्हा अडीच कोटी म्हणजे काही जहागीर नव्हे. हजच्या वर्षानुवर्षांच्या रांगेत नाव घालायला बँकेत भरावी लागते, बरोबर तेवढीच ती रक्कम होती.

पुढच्या सोमवारी नाव घालायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात बातमी आली की रुपियावरची तीन शून्यं काढायचा विचार चाललाय. दोन हजार दहाचा ऑगस्ट होता. मी शाळेत अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे ज्ञान पाजळायची संधी मी कशाला सोडतोय! हजाराचा एक होईल, पण चहाही दोन रुपियांना मिळेल, म्हणजे कुणाचं काहीच जाणार नाही, असं मी कागदावर मांडून दाखवलं. माझी बायको रेत्नो हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

"मास्तर, एकोणसाठ साली रेडिओवर बोलणारा माणूसही शिकलेलाच होता."

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सासूबाई सोळा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांनी जमीन घ्यायची म्हणून दोन्ही म्हशी विकल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सरकारनं पाचशेची नोट पन्नासची केली आणि हजाराची शंभरची. म्हशींच्या पैशात वासराची शेपूटही आली नसती. लहान नोटांना मात्र कुणी हात लावला नव्हता. त्यातून सासूबाईंनी एकच धडा घेतला, मरतात त्या मोठ्या नोटा.

सोमवारी त्या बँकेत गेल्या, पण सगळे पैसे काढून आणायला. मग महिनाभर भाजीवाल्या, पार्किंगवाले, मशिदीसमोरचे चहावाले, सगळ्यांकडून लाखाच्या नोटा मोडून घेतल्या. हजार-दोन हजारांच्या नोटांची दोन पोती पलंगाखाली आली आणि आमच्या घराची झोप उडाली. वाळवी लागली तर, शेजारी आग लागली तर? रेत्नोनं घर सोडून बाहेर जाणंच बंद केलं. आणि इकडे हजची रांग रोज लांबत होती. मी चिडायचो, समजावायचो, एकदा तर जेवताना "अडाणीपणाला औषध नाही" असंही बोलून गेलो. लाज वाटते आता.

जानेवारीत मी त्यांना खोटं पाडायचंच म्हणून शाळा सुटल्यावर वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं काढून बसलो. पासष्ट साली तर हुबेहूब हेच झालं होतं, हजाराचा एक, तीन शून्यं गायब. पण सरकार नोटा छापतच राहिलं आणि भाव काही थांबले नाहीत. माझं गणित चुकलेलं नव्हतं. पण गणित सांभाळणाऱ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. सासूबाई पाच महिने तोच विचारत होत्या.

घरी येऊन मी त्यांच्यापुढे बसलो. आईला आमच्याकडे 'बू' म्हणतात. "बू, तुमची भीती खोटी नव्हती. मीच अर्धवट वाचलं होतं."

त्यांनी पलंगाखालचं एक पोतं पुढे ओढलं. मग म्हणाल्या, उद्या पोती बँकेत नेऊ या. इतके दिवस मी पुरावे देत होतो. त्यांना हवी होती ती एवढीच कबुली.

बँकेतल्या मुलीनं नोटा मोजायला अर्धा दिवस घेतला. मग संगणकात बघून नंबर सांगितला. नऊ वर्षांनी. ऑगस्टात आला असतात तर आठ लागली असती, असंही म्हणाली बिचारी, सहज. सासूबाईंनी बोटांवर मोजलं. वय अडुसष्ट आणि वर नऊ. शून्यं तर अजून कुणी काढलीही नव्हती, आणि यांचं एक वर्ष गेलं होतं. त्यातलं अर्धं तरी माझ्या शहाणपणानं खाल्लं.

फॉर्मवर अंगठा टेकवण्याआधी त्या माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, मी तोवर राहीन न राहीन, ते अल्लाकडे. पण हा पैसा तोवर पैसाच राहील ना?"

वीस वर्षं मुलांना हेच शिकवत आलोय. मी "हो, बू" म्हणालो आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. त्यांनी अंगठा टेकवला.