उंदरांची खुशाली

जयपूरच्या रुग्णालयात केमोच्या दिवशी माझ्या नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर सांगानेरच्या एक बाई असायच्या. लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापण्यात आयुष्य गेलेलं. सुई नसलेल्या हाताने त्या मांडीवर नसलेला ठसा ठेवत, मुठीने हळूच ठोकत आणि पुढे सरकवत.

एकदा त्यांनी आवळ्याच्या मुरंब्याचा डबा उघडला. "इससे खून बढ़ता है ना?"

मी नेमकं तेच काम करते. केमोच्या औषधाने उंदरांच्या रक्तपेशी घटतात. आवळ्याचा अर्क दिला तर किती वाचतात, ते आम्ही प्रयोगशाळेत बघतो.

"चूहों में थोड़ा फ़र्क दिखा है," मी म्हणाले. "इंसानों का पक्का नहीं. डॉक्टर से पूछके खाइए."

त्यांनी विचारलं. गोळ्या-चूर्णं नकोत, जेवणानंतर एखादी फोड चालेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून फोड तोंडात टाकण्याआधी त्या विचारत, "मैडमजी, चूहे कैसे हैं?" मी "ठीक" म्हटलं की निवांत चघळत बसत.

पुढे पांढऱ्या पेशी फार घटल्या म्हणून त्यांची केमो लांबली. उठताना म्हणाल्या, "चूहों को मत बताना. घबरा जाएँगे."

शेवटची केमो झाली तेव्हा त्यांनी उरलेला मुरंबा माझ्या हातात दिला. "मेरी तो छुट्टी हो गई. आपके चूहों को भी घर भेजेंगे ना?"

प्रयोग संपला की तपासणीसाठी उंदरांना मारावंच लागतं. आवळ्याबद्दल मी त्यांना कधीच खात्रीने काही सांगितलं नव्हतं. या वेळी मात्र लगेच म्हणाले, "हां जी. पक्का."