मेलेल्यांचं पथ्यपाणी

माझ्या नातीच्या गोष्टीतली नायिका मेलेल्यांना उठवते. अशा बाईला नेक्रोमान्सर म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. चार मित्रमैत्रिणी मिळून अद्भुत कथांचं पुस्तक काढताहेत आणि त्यात तिची पहिलीवहिली गोष्ट छापून येणार होती. पण संपादक होऊन बसलेल्या मित्राने कळवलं, नेक्रोमान्सर दुष्टच पाहिजे, मेलेल्यांची फौज उठवून लढायला पाठवणारी, वाचकांना तेच लागतं. संध्याकाळपर्यंत तिला दुष्ट कर, नाहीतर गोष्ट गाळतो.

हे तिने मला सांगितलं ते नेमकं सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी, ओट्याला टेकून. मी वडे थापत होते.

"आजी, मेलेल्यांना बोलावणारी माणसं वाईटच असतात का गं?"

"मग सकाळपासून मी काय तुझ्या संपादकासाठी खपतेय?"

ती हसली नाही. "माझी नायिका तिच्या आजोबांना उठवते. फक्त एकदा भेटायला. तिला दुष्ट कशी करू?"

आमचे हे गेले तेव्हा ती परीक्षेसाठी पुण्यात अडकली होती. मी वडा तेलात सोडला आणि तिला माझीच फजिती सांगायला घेतली.

लग्न होऊन आले तेव्हा मी रसायनशास्त्राची पदवी आणि त्याहून मोठं नाक घेऊन आले होते. वाचन म्हणाल तर रहस्यकथा: लाल डोळ्यांचा मांत्रिक, कवटी, स्मशान. त्यामुळे मेलेल्यांना बोलावणं हे थोतांडही आहे आणि पापही आहे, असं माझं ठाम मत. दोन्ही एकदम कसं असेल, एवढी अक्कल नव्हती. पहिल्याच पितृपक्षात सासूबाईंनी आजेसासूबाईंच्या पानाचा स्वयंपाक माझ्यावर सोपवला. त्या अल्सरने गेल्या होत्या. म्हणून मी आमटी बिनतिखट केली आणि ठेचा वगळला.

गच्चीवर घास ठेवला. कावळा शिवेना. आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. त्या दिवशी नाशिकचे यच्चयावत कावळे रामकुंडावर मेजवान्या झोडत असतात, आमच्या गच्चीला कोण विचारतंय! एक चुकार आला, त्यानेही पानाकडे बघून मान फिरवली.

सासूबाईंनी पातेल्यातली आमटी चाखली. "तिखट कुठंय?"

"त्यांना अल्सर होता ना, आई."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मग आता काय व्हायचं राहिलंय त्यांना? परत मरणारेत?"

ठेचा वाढला. तरी कावळा येईपर्यंत या बी.एस्सी. बाई पाण्याच्या टाकीपाशी हात जोडून, पोटात कावळे कोकलत असताना, "या हो आजी, चुकलं माझं, या" करत होत्या. शेजारपाजारचे आपापल्या गच्चीतून बघत होते. इतक्या कळवळून कुठल्या मांत्रिकाने मेलेल्याला बोलावलं नसेल.

नात आता हसत होती. "मग दुष्ट कोण गं?"

"उठवून उपाशीपोटी लढायला पाठवतो तो. पाहुणा बोलवावा आणि त्यालाच भांडी घासायला लावावीत, असलं काहीतरी."

"आजोबांची खीर मी करते," ती म्हणाली.

तिने केली, घास वर ठेवून आली. बराच वेळ झाला, कावळा शिवला नाही. मी पातेल्यातली खीर चाखून बघितली. "साखर?"

"आजोबांना शुगर होती ना."

मला ओट्याचा आधार घेऊन हसावं लागलं. ती आधी लाल झाली, मग हसली, मग तिचे डोळे भरले, आणि साखरेचा डबाच उचलून ती वर पळाली. खालपर्यंत ऐकू येत होतं. "आजोबा, या ना. भरपूर घातलीय. आता कुणी ओरडणार नाही तुम्हाला." जन्मभर ओरडणारी खाली ओट्यापाशीच उभी होती. पण म्हटलं, बरोबर आहे तिचं.

कावळा कधी आला ते मला ठाऊक नाही. ती लवकर खाली आली नाही, मीही हाक मारली नाही. आली तेव्हा डबा निम्मा रिकामा होता.

संध्याकाळी तिने गोष्ट पाठवली. संपादकाचं उत्तर लगेच आलं: यात भीती कुठंय? तिने लिहिलं: नाहीये. गाळायची तर गाळ.

नायिका होती तशीच ठेवली होती. वाक्य एकच वाढवलं होतं, ते मला वाचून दाखवलं. आजोबा मातीतून उठून बसतात, अंगावरची धूळ झटकतात, आणि इतक्या दिवसांनी भेटलेली ती नेक्रोमान्सर आधी विचारते, "जेवलात का?"